आकारिकला ४० पैकी सगळ्यांनाच ३६ ते ३८: हे गुण खरे कसे करायचे?

तासिका_सातवी

सातवी, गणित आणि विज्ञान, पट ४८. शेजारी दुसरी तुकडी आहे, तिथे हेच विषय दुसरे सर घेतात. लेखी पेपरचं बरं चाललंय, घोडं अडलंय ते आकारिकपाशी, म्हणजे सत्रभर वर्गात केलेल्या कामावर द्यायच्या ४० गुणांपाशी. पहिल्या सत्राची यादी काढली तर ४८ पैकी ४१ मुलं ३६ ते ३८ च्या आत. म्हणजे मोजलं काहीच नाही, नुसती खिरापत वाटली.

दुसरी गोष्ट, मुलांची कुजबुज: "पुढच्या बाकांवरच्यांना मॅडम जास्त देतात." कुठे दिले विचारलं तर त्यांना दाखवता येत नाही. पण "नाही दिले" हे कागद पुढे ठेवून मलाही दाखवता येत नाही.

तिसरी, रोजच्या निरीक्षणाच्या नोंदी. ४८ मुलं, दोन विषय. शेवटी तयार नोंदींची पीडीएफ उघडली जाते आणि "अभ्यासात रस घेतो" हे वीस जणांच्या नावापुढे उतरतं.

शासन निर्णय पाठ आहे, तो परत सांगू नका. ३५ मिनिटांच्या तासात काय करायचं ते सांगा.

खडूची_पूड

मॅडम, शासन निर्णय नाही सांगत, पण त्यातलेच आकडे एकदा मांडून बघा. सातवीला आकारिक ४०, संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ६०. आकारिकला सरसकट ३७ दिले तर संकलितमध्ये ६० पैकी ५ मिळवणारं मूल ४२ वर जातं, म्हणजे क-२ श्रेणी. संकलितला भोपळा मिळाला तरी ३७, म्हणजे ड. इ-१ आणि इ-२ या सगळ्यात खालच्या श्रेणी तुमच्या वर्गात कोणाला मिळूच शकत नाहीत. जादा मार्गदर्शनाची गरज असलेली मुलं कागदावर दिसतच नाहीत, कारण त्यांना आपणच झाकून टाकलेलं असतं. सढळ हाताने गुण देण्यात दया आहे असं वाटतं, पण तोटा सगळ्यात मागच्या मुलाचाच होतो.

आता गुण एकाच जागी का साचतात? कारण आधी मनात "हुशार, बरा, यथातथा" असा शिक्का तयार असतो आणि साधनतंत्रांची (चाचणी, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, तोंडी, प्रकल्प) पाच घरं त्या शिक्क्यावरून उलटी भरली जातात. उपाय एकच, कृती घेण्याआधी निकष लिहायचे आणि ते फळ्यावर मुलांना दाखवायचे. एक उदाहरण सविस्तर देतो, बाकी तुम्ही त्यावरून कराल.

प्रात्यक्षिक १० गुण: मीठ, वाळू आणि लोहकीस यांचं मिश्रण वेगळं करणे. चार-चार मुलांचे १२ गट. दर गटाला एक चमचा वाळू, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर लोहकीस, ५० मिलि पाणी, नरसाळं, गाळण कागद, आणि कागदात गुंडाळलेला चुंबक. कागद विसरू नका, नाहीतर कीस चुंबकावरून सुटत नाही आणि अर्धा तास त्यातच जातो.

क्रम ठरवणे, ३ गुण. कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाने आपापल्या वहीत क्रम लिहायचा. चुंबक, पाण्यात ढवळणं, गाळणं, पाणी आटवणं हे चारही ओळीने असेल तर ३. चारही टप्पे आहेत पण चुंबक पाणी ओतल्यावर आला असेल तर २. एखादा टप्पाच गळला असेल तर १.

कृती, ३ गुण. गाळण कागद फाटला नाही, पाण्याची पातळी कागदाच्या कडेच्या खाली ठेवली, खाली आलेलं पाणी नितळ आहे: प्रत्येकी १. हे गटाचे गुण, चौघांना सारखे.

नोंद, २ गुण. जे दिसलं तेच लिहिलं का. पुस्तकातलं वाक्य उतरवलं असेल तर १.

कारण, २ गुण, तोंडी. तुम्ही गटाजवळून जाताना प्रत्येकाला एकच प्रश्न: "चुंबक शेवटी फिरवला असता तर?" ओला कीस वाळूला चिकटून बसतो, हे स्वतःच्या शब्दांत आलं की २. नुसतं "नीट निघणार नाही" म्हणालं तर १.

दहापैकी सात गुण प्रत्येकाचे स्वतंत्र झाले. एका तासात हे होत नाही, दोन तास धरा. पाणी आटवायचं काम मुलांना देऊ नका. १० मिलि पाणी चिनी मातीच्या बशीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तुम्ही टेबलावर आटवून दाखवा. एकदाच, सगळ्यांसाठी.

आणि निकषांच्या कागदावर "छान", "बरे", "समाधानकारक" हे शब्द येऊ देऊ नका. त्या शब्दांच्या आड कोणालाही कितीही गुण लपवता येतात.

लालशाई

वरच्या सरांशी सहमत. पण लेखीचं "बरं चाललंय" हे वाक्य मला खटकलं. पुढच्या बाकाचा परिणाम लेखीतही होतो, फक्त तो डोळ्याला दिसत नाही.

गठ्ठा तपासताना एका मुलाचा अख्खा पेपर संपवून मग दुसरा घेण्याची सवय मोडा. आधी सगळ्यांचा प्रश्न १, मग सगळ्यांचा प्रश्न २. याने दोन गोष्टी टळतात. पहिली दोन उत्तरं झकास आली की तिसऱ्या ढिल्या उत्तरालाही हात सैल होतो, ते होत नाही. आणि एका प्रश्नाचं नमुना उत्तर डोक्यात ताजं असताना ४८ वेळा तेच वापरलं जातं. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा, नाहीतर हजेरी क्रमांक १ ते १० वाले कायम ताज्या डोळ्यांना सापडतात आणि ४० च्या पुढचे कायम थकलेल्या. नाव पहिल्या पानावर न लिहिता शेवटच्या पानामागे लिहायला लावा. अक्षर ओळखू येतंच, ते काही टळत नाही. पण नाव न दिसण्यानेही पुष्कळ फरक पडतो.

एका प्रश्नाचे पहिले पाच पेपर पेन्सिलीने तपासा. पाचव्यापर्यंत तुम्हाला कळतं की मुलांनी कुठली उत्तरं दिलीत जी नमुना उत्तरात तुम्ही धरलीच नव्हती. मग नमुना दुरुस्त करा आणि त्या पाचांकडे परत या.

गणितातला गुणविभाग आधीच ठरवा. "६,००० रुपये दसादशे ९ दराने ३ वर्षांसाठी ठेवले, तर सरळव्याज आणि रास काढा", गुण ४. सूत्र १, किमती घालणे १, व्याज १,६२० रुपये १, रास ७,६२० रुपये १. आता एका मुलाने सगळी मांडणी बरोबर केली, गुणाकारात चुकून व्याज १,५२० काढलं आणि रास ७,५२० लिहिली. त्याला ३. रास "चुकली" म्हणून तिथेही कापलं तर एका चुकीची शिक्षा दोनदा झाली. मुलांना अन्याय वाटतो तो बहुतेक इथेच, आणि त्यांचं बरोबर असतं. उलट बाजूने, नुसतं ७,६२० लिहून मोकळ्या झालेल्याला चारपैकी चार द्यायचे का, हेही पेपर सुरू होण्याआधी वर्गाला सांगून ठेवा.

बेरीज दुसऱ्या दिवशी करा. तपासून झाल्या झाल्या केलेल्या बेरजेत मागच्या पानावरचं किंवा पुरवणीवरचं एखादं उत्तर हमखास राहतं.

पाटी_पेन्सिल

ताई, नोंदींचं सांगते. रोज ४८ जणांकडे बघायचं ठरवलं की एकाकडेही बघणं होत नाही. दिवसाला चार मुलं ठरवा, बारा दिवसांत पट पूर्ण. आजचे चार हजेरी क्रमांक सकाळीच तळव्याएवढ्या कागदावर लिहून खिशात ठेवायचे. त्या चौघांबद्दल दिवसभरात एक पाहिलेली गोष्ट, एका ओळीत. कोण ते त्यांना सांगायचं नाही.

नोंद म्हणजे मत नव्हे. "गणितात रस घेतो" हे मत झालं. "ऋण संख्यांचा गुणाकार बरोबर करतो, पण वजाबाकीत चिन्ह बदलायचं विसरतो" ही नोंद. वहीतले "विशेष प्रगती", "आवड/छंद", "सुधारणा आवश्यक" हे तीन रकाने अशा दोन-तीन ओळींवरून आपोआप भरतात आणि मुलाच्या आईलाही वाचून काहीतरी कळतं. साधी कसोटी सांगते: नोंदीवरचं नाव झाकायचं. मूल कोणतं ते ओळखता आलं तर नोंद खरी. ४८ पैकी कोणालाही चालणारी असेल तर ती पीडीएफचीच.

लाडक्यांबद्दल. मुलं गुणांकडे बघून हे ठरवत नाहीत, तुम्ही प्रश्न कोणाला विचारता आणि उत्तराची वाट किती बघता त्यावरून ठरवतात. आठवडाभर वर्गाच्या बैठकीचा नकाशा टेबलावर ठेवा आणि ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात टिंब द्या. टिंबं बहुतेक समोर आणि मधोमध गोळा होतात, कोपरे कोरे राहतात. मग आइस्क्रीमच्या ४८ काड्यांवर हजेरी क्रमांक लिहून डबा भरा. आधी प्रश्न, मग थांबायचं, मग काडी. काडी आधी काढली की बाकीचे ४७ सुटीवर जातात.

थांबायचं म्हणजे मनात एक, दोन, तीन मोजायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हे मोजून ठेवलंय. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, फळ्यापुढे उभं राहून मात्र ती फार मोठी वाटतात.

काडीत ज्याचं नाव निघालं त्याला येत नसेल तर "बस खाली" नको. "दोघांचं ऐक, मग तुझ्याकडे परत येते", आणि खरंच परत जायचं.

एक राहिलं. वर्तनाचे गुण विषयात मिसळू नका. बडबड केली म्हणून तोंडी कामाचे दोन कापले, वही उशिरा दिली म्हणून स्वाध्यायाचे तीन कापले, तर त्या घरात गणित उरत नाही, तिथे तुमचा राग नोंदला जातो. उशिराचा शेरा वेगळा लिहा.

तासिका_सातवी

निकषांचा कागद आणि चार मुलांची पद्धत लगेच घेते. दोन शंका. प्रकल्पाचं काय? थर्माकोल कापून, रंगवून, दिवे लावून जे येतं ते आई-बाबांचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. आणि वरून सूचना येते की कोणीही ब-२ श्रेणीच्या खाली दिसता कामा नये, त्याला काय उत्तर द्यायचं?

खडूची_पूड

प्रकल्प घरी द्यायचाच नाही. शाळेतच, तीन तासिका, सामान शाळेचं: जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठा, दोरा, डिंक, मोजपट्टी. विषय असा निवडा की ज्यात सजावटीला वावच नाही. उदाहरणार्थ, वर्गातल्या २० वर्तुळाकार वस्तूंचा परीघ दोऱ्याने मोजणे, व्यास मोजणे, भागाकार करणे आणि तक्ता भरणे. डब्याचं झाकण, बांगडी, नाणं, बाटलीचं बूच. उत्तर ३.१ च्या आसपास यायला हवं. एखाद्याचं ३.६ आलं तर दोरा सैल होता की व्यास मधून मोजलाच नाही हे त्यानेच शोधायचं, आणि गुण त्या शोधण्याला. सगळ्यांचं दोन दशांश स्थळांपर्यंत ३.१४ आलं असेल तर समजा, मोजलेलं नाही, पुस्तकातून घेतलंय.

गटाच्या कामात एक जण राबतो आणि तिघं नावं लावतात, त्यावर: पाचपैकी दोन गुण गटाचे, तीन एकट्याचे. एकट्याच्या तीन गुणांसाठी प्रत्येक मुलागणिक गटाच्या तक्त्यातली एक ओळ तुम्ही निवडायची आणि त्याला तुमच्यासमोर ती वस्तू परत मोजायला लावायची. बारा गटांत चार-चार मुलं, प्रत्येकाला साधारण दोन मिनिटं, म्हणजे तीन तासिका जातील. जड वाटत असेल तर हे सत्रातून एकदाच करा. पण घरून आलेल्या ४८ थर्माकोल किल्ल्यांपेक्षा ते परवडलं.

माजी_नियामक

वरून येणाऱ्या सूचनेबद्दल थोडं कोरडं बोलतो.

अंतर्गत गुण फुगवले की काय होतं हे दहावीच्या निकालाने दाखवून दिलेलं आहे. २०१८-१९ ला भाषा विषयांचे २० तोंडी गुण काढून टाकले. मार्च २०१८ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, मार्च २०१९ चा ७७.१० टक्के. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण त्या २० गुणांची म्हणता येणार नाही. पण लगेच पुढच्या वर्षापासून ते २० परत आले. शाळाशाळांतून २० पैकी १८-१९ वाटले जात असतील तर ते गुण मुलाला काय येतं हे सांगत नाहीत, फक्त उत्तीर्णतेची रेषा खाली ओढतात. सातवीच्या ३७ चंही तेच.

मुख्याध्यापकांशी तात्त्विक वाद घालू नका. त्यांना भीती असते ती तक्रारीची. निकषांचा कागद, चाचण्यांचे कागद, तोंडीची यादी एका फाइलला लावून ठेवा आणि सांगा की कोणताही पालक आला तर पाच मिनिटांत गुण कुठून आले ते दाखवता येईल. "सगळ्यांना ३७" हे एकाही पालकाला समजावून सांगता येत नाही.

दुसरं, शेजारच्या तुकडीशी मेळ घाला, नाहीतर तुम्ही खरे गुण द्याल आणि पलीकडचे सर ३८ वाटतील, की तुमचीच मुलं मागे पडतील. घटकाच्या लेखी पेपरमधून सहा उत्तरपत्रिका निवडा: वरच्या दोन, मधल्या दोन, खालच्या दोन. त्यांवर खूण न करता दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर गुण लिहायचे, मग चिठ्ठ्या उघडायच्या. ५० पैकी दोनपेक्षा जास्त फरक आला तर प्रश्नवार बघा. फरक बहुधा एकाच ठिकाणी असतो: आकृतीचे गुण, एकक न लिहिल्याचा गुण, किंवा अर्धवट उत्तराला अर्धा गुण. तो नियम ठरवा आणि दोन्ही वर्गांत सांगा. सगळं मिळून पाऊण तासाचं काम आहे.

आणि एक अप्रिय मुद्दा. आपल्याच वर्गातल्या मुलांची घरी शिकवणी घेणाऱ्याने कितीही निकष लावले तरी गुणांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने ती शिकवणी बंदच केलेली आहे. हे तुम्हाला उद्देशून नाही मॅडम, धागा वाचणाऱ्यांसाठी.

जोडाक्षर

पेपर परत देण्याबद्दल कोणी बोललं नाही. गुण मोठ्याने वाचत पेपर वाटू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ छडीपुरतं नाही, मानसिक त्रासही त्यात येतो. पेपर उलटा करून बाकावर ठेवायचा.

मग दोन दिवसांची मुदत. शंका असेल तर मुलाने चिठ्ठीवर प्रश्न क्रमांक आणि "मला इथे अमुक गुण हवा होता, कारण..." एवढं लिहून द्यायचं. "कारण" लिहिलं नसेल तर चिठ्ठी परत. तेवढाच प्रश्न परत तपासायचा, बाकी पेपरला हात लावायचा नाही, नाहीतर गुण कमी होतील या भीतीने कोणी चिठ्ठीच देत नाही. गुण वाढला तर तीच चूक बाकी ४७ पेपरांतही झाली का ते बघणं भाग आहे. बोलक्या मुलाचा एक गुण वाढला आणि अबोल मुलाचा तसाच राहिला, तर तुम्ही नवीन लाडका तयार केला.

गैरहजर मुलांना शून्य देऊ नका. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल दिवाळीनंतर जातं आणि मार्च-एप्रिलला परततं, त्याचा दोष काय? जी साधनतंत्रं त्याची झाली तेवढीच धरा. २६ गुणांचं काम झालं आणि त्यात १७ मिळाले, तर ४० पैकी २६. शेऱ्यात कारण लिहा. मधल्या काळात दुसऱ्या शाळेत बसलं असेल तर शिक्षण हमी पत्रकावरून (स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा देते तो कागद) तिथली माहिती मागवा.

तासिका_सातवी

आभारी आहे. विज्ञानाची वाटणी अशी करते: चाचणी १०, प्रात्यक्षिक १०, स्वाध्याय १०, तोंडी ५, प्रकल्प ५. गणितालाही हीच ठेवू का?

लालशाई

गणिताला नको. स्वाध्यायाचे १० म्हणजे एका वहीवरून सात वह्या झाल्याचे १०. स्वाध्याय ५ करा आणि तोही वर्गात, शेवटच्या पंधरा मिनिटांत सोडवलेला धरा. चाचणीला १५ द्या, पण एकदम नको: २० मिनिटांच्या, १५ गुणांच्या तीन चाचण्या घ्या आणि त्यांतल्या चांगल्या दोनची सरासरी लावा. एक दिवस ताप आला म्हणून कोणाचं सत्र बुडत नाही. प्रात्यक्षिकाच्या १० मध्ये कंपास, कोनमापक आणि मोजपट्टी आणा, त्रिकोण काढून घ्या. निकष सोपा आहे: बाजूत २ मिलिमीटरपर्यंत आणि कोनात २ अंशांपर्यंत चूक माफ, त्यापुढे गुण जातो. दोन-तीन जादा कंपासपेट्या कपाटात ठेवा, नाहीतर ज्याच्याकडे पेटी नाही त्याचे गुण त्यातच जातील.